टेरेसा राइटवर मराठी पॉडकास्टचा एक भाग: कामाच्या नोंदी, चुकांसकट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

जुन्या हॉलिवूड नट्यांवर मराठीत काहीतरी करू असं मी आणि माझा मामेभाऊ दोन वर्षं नुसतं चहावर बोलतोय. आज शेवटी ठरलं. तो एकांकिका करायचा, आवाज बरा आहे, मी लिहिणार, दोघं मिळून वाचणार. पहिला भाग कुणावर, यावर तास गेला. त्याचं म्हणणं मर्लिन मन्रो, माझं म्हणणं की मन्रोवर सगळं जग बोलून झालंय, आपण टेरेसा राइट घेऊ. तो म्हणाला, "ताई, कोण ही?" मी म्हणलं, हेच कारण.

हिचकॉकचा १९४३ चा शॅडो ऑफ अ डाउट बघितला असेल त्यांना आठवेल. मामावर जीव टाकणारी, त्याच्याच नावाची भाची चार्ली, आणि हळूहळू तिच्या लक्षात येतं की मामा बायकांचे खून करून आलाय. ती ही.

६ मार्चला तिला जाऊन २० वर्षं होतात (न्यू हेवन, २००५, वय ८६). तोच मुहूर्त धरला. महिना आहे हातात, आरामात होईल.

(नाही झालं. कुणी असं काही करणार असाल तर पुण्यतिथीचा मुहूर्त धरू नका.)

९ फेब्रुवारी

पहिला मसुदा ५,६०० शब्द. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून वाचला तर ४९ मिनिटं. म्हणजे मिनिटाला साधारण ११४ शब्द पडतात, हा आकडा लिहून ठेवा, कामाला येतो. मी अर्ध्या तासाचा भाग धरला होता.

लांबी एकवेळ परवडली असती. मी जन्मापासून मरणापर्यंत ओळीने लिहून काढलं होतं. २७ ऑक्टोबर १९१८ ला न्यूयॉर्कमध्ये जन्म, वडील विमा एजंट, आईवडील लहानपणीच वेगळे, शाळा न्यू जर्सीतल्या मेपलवूडला, १९३६ मध्ये हेलन हेज या नटीचं नाटक बघून ठरवलं की नटीच व्हायचं, मग प्रॉव्हिन्सटाउनच्या वॉर्फ थिएटरमध्ये दोन उन्हाळे, असं सगळं. मूळ नाव म्युरिअल टेरेसा, पण नटांच्या संघटनेत आधीच एक म्युरिअल राइट होती म्हणून म्युरिअल गळालं. सगळं खरं, सगळं कंटाळवाणं.

आईला वाचून दाखवलं. वीस मिनिटं शांत बसली (शेंगा सोलत होती) आणि मग विचारलं, "पण हिला झालं काय?"

काहीच झालं नाही. तीच तर पंचाईत. दारू नाही, गोळ्या नाहीत, कोर्टकचेरी नाही. लग्नं दोन, दोन्ही लेखकांशी. पहिला निव्हन बुश, त्याच्यापासून दोन मुलं, १९५२ ला घटस्फोट. मग १९५९ ला नाटककार रॉबर्ट अँडरसन, ते लग्नही मोडलं पण मैत्री टिकली. अशा बाईचा पॉडकास्ट कसा करतात?

१२ फेब्रुवारी

रात्री बसून सुरुवातीला मसाला घातला. "एक करार… ज्याने हॉलिवूड हादरलं" असं काहीतरी, मध्ये तीन टिंबांची शांतता. भावाने खर्जात वाचून दाखवलं आणि आम्हीच दोघं हसलो. शिवाय ते खोटं आहे, हॉलिवूड काही हादरलं नव्हतं. काढून टाकलं. दोन रात्री वाया.

१६ फेब्रुवारी

आज फक्त तपासणी. माझ्याच मसुद्यात तीन ठोक चुका सापडल्या, तिन्ही "आपल्याला माहितीच आहे" म्हणून लिहिलेल्या.

एक. मी लिहिलं होतं की पहिल्याच सिनेमाला ऑस्कर. चूक. पहिला सिनेमा द लिटल फॉक्सेस (१९४१), त्याला नुसतं नामांकन. ऑस्कर मिळालं मिसेस मिनिव्हरला, सहायक अभिनेत्री म्हणून. पण खरी गोष्ट माझ्या चुकीपेक्षा भारी आहे. पहिल्या तिन्ही सिनेमांना तिला नामांकन होतं आणि त्यातली दोन एकाच रात्री, मार्च १९४३ मध्ये. सहायकचं मिसेस मिनिव्हरसाठी आणि मुख्यचं द प्राइड ऑफ द यँकीजसाठी. मुख्यचं गेलं ग्रीअर गार्सनला, आणि ते कशासाठी, तर मिसेस मिनिव्हरसाठीच! म्हणजे एकाच सिनेमाने हिला एक दिलं आणि एक नेलं.

दोन. "ऑस्करची बाहुली हातात घेऊन ती…" असं एक रंगवलेलं वाक्य होतं. त्या काळी सहायक नटनट्यांना बाहुली देतच नव्हते, फलक द्यायचे. बाहुली त्याच्या पुढच्या वर्षापासून. वाक्य गेलं.

तीन. अवर टाउन नाटकात ती पहिल्यापासून एमिली, म्हणजे नायिका, होती असं मी धरून चालले होते. ती होती बदली नटी. मार्था स्कॉट सिनेमासाठी हॉलिवूडला गेली तेव्हा हिला ती भूमिका मिळाली. त्यानंतर लाइफ विथ फादर नाटकात दोन वर्षं, तिथे सिनेनिर्माता सॅम्युअल गोल्डविनने बघितलं आणि करार केला.

हे सगळं लिहायला दोन तास आणि तपासायला पाच. पुढच्या वेळी उलटं करणार, आधी तपासणी मग लिहिणं.

२२ फेब्रुवारी

आज एका परिच्छेदावर पूर्ण शनिवार गेला आणि त्याचं वाईट वाटत नाही.

गोल्डविनशी करार करताना तिने (वय बावीस-तेवीस, सिनेमात एक दिवस काम केलेलं नाही) एक कलम घालून घेतलं, प्रसिद्धीसाठी कसले फोटो काढणार नाही याची यादी. पोहण्याच्या कपड्यात फोटो नाही, प्रत्यक्ष पाण्यात असेन तर चालेल. वाऱ्यावर केस उडवत समुद्रकाठी पळणार नाही. चड्डी घालून कुत्र्याशी खेळणार नाही. बागेत खणणार नाही, स्वयंपाक करताना दिसणार नाही. चार जुलैला (अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन) अंगावर फटाके लावून हातात रॉकेट धरणार नाही. ईस्टरला सशाच्या लांब कानांची टोपी घालणार नाही. पंखा लावून मफलर उडवत खोट्या बर्फात उभी राहणार नाही. धनुष्यबाण घेऊन नेम धरल्याचं नाटक करणार नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं, थँक्सगिव्हिंगला टर्कीकडे सूचक नजरेने बघणार नाही.

हे मराठीत वाचायला गेलो तर पहिली अडचण टर्कीची. भावाच्या बायकोने ऐकलं आणि विचारलं, "टर्की देशाकडे का बघायचं?" कानाला दोन्ही एकच! वाचताना नसतं कळलं. "टर्की पक्षी" केलं तर विनोद मेला. भाजलेली टर्की करून बघितलं, पण मूळ यादीत ती भाजलेली आहे असं कुठे म्हणलंय. भाऊ म्हणाला की आपण सरळ आपल्याकडचं करू, संक्रांतीला तिळगुळाकडे सूचक नजरेने बघणार नाही. तो मजेत बोलला आणि मी खरंच तसं लिहिलं, अर्धा तास खूश होते. मग लक्षात आलं की तिची गंमत जाऊन आपलीच गंमत ऐकू येतेय, ही यादी त्या वेळच्या स्टुडिओच्या फोटोंची आहे, सणवारी नटीला सजवून उभं करायचं आणि चित्र मासिकांना पाठवायचं, ते चित्र डोळ्यासमोर आलं नाही तर कलमाला अर्थ नाही. शेवटी आधी एक वाक्य टाकलं, "थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्की नावाचा मोठा कोंबडीसारखा पक्षी असतो", आणि मग यादी. साधा उपाय. दिवस गेला.

आणखी एक. मी यादीच्या शेवटी "किती स्वाभिमानी होती ती!" असं लिहिलं होतं. भावाने पेन्सिलने काट मारली आणि बाजूला लिहिलं, "ऐकणाऱ्याला कळतं". बरोबर आहे त्याचं.

२३ फेब्रुवारी

पहिलं रेकॉर्डिंग. माइक २,८५० रुपयांचा, यूएसबी कंडेन्सर, दुकानदार म्हणाला "एकदम क्लिअर". इतका क्लिअर की खालच्या मजल्याची पाण्याची मोटर, समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, आणि आमच्याच भिंतीवरचं घड्याळ, सगळं आलं. घरात रेकॉर्ड करणार असाल तर कंडेन्सर घेऊ नका, डायनॅमिक घ्या, तो मुख्यतः तोंडासमोरचं ऐकतो. आता पैसे गेले म्हणून तोच वापरतोय. पलंगावरच्या दोन गाद्या उभ्या केल्या, वर रजई, आत आम्ही दोघं. पंखा बंद. भावाला दर दहा मिनिटांनी बाहेर काढावं लागतं.

आणि बेटी. द लिटल फॉक्सेसमध्ये टेरेसा राइट ही बेटी डेव्हिसची मुलगी आहे. मी लिहिलेलं वाक्य: "बेटी डेव्हिसची बेटी". मला वाटलं काय कोटी केलीय. वाचताना भाऊ प्रत्येक वेळी फुटला, सात टेक. सातव्यानंतर "डेव्हिसबाईंची लेक" केलं. कोटी कागदावरच बरी असते.

१ आणि २ मार्च

वाया. पूर्ण शनिवार-रविवार. मोटरचा आवाज काढायला ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं, थोडं राहिलं म्हणून परत लावलं, मग परत. आवाज असा आला जसं कुणी हौदाच्या तळातून बोलतंय. आणि मी मूळ फाइलवरच सेव्ह केलं होतं. मूळ फाइलची कॉपी आधी काढून ठेवा, हे सगळे सांगतात, मीही सांगायचे. १९ मिनिटांचं रेकॉर्डिंग गेलं.

त्यातल्या त्यात एक फायदा, परत ऐकताना दुसरा घोळ सापडला. वायलर आणि वाइल्डर. विल्यम वायलर हा दिग्दर्शक, त्याच्याकडे तिने तीन मोठे सिनेमे केले, द लिटल फॉक्सेस, मिसेस मिनिव्हर आणि द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज. थॉर्नटन वाइल्डर हा अवर टाउनचा नाटककार, ज्याने नंतर शॅडो ऑफ अ डाउटच्या पटकथेवर काम केलं. म्हणजे जिने त्याची एमिली केली तिच्याच वाट्याला आलेली गावातल्या साध्या मुलीची गोष्ट तो परत लिहीत होता, फक्त या वेळी घरात खुनी. हा धागा मला फार आवडला होता पण कानाला वायलर, वाइल्डर, वायलर असं झालं की ऐकणारा सुटला. आता एकाला नेहमी "दिग्दर्शक वायलर" आणि दुसऱ्याला "नाटककार थॉर्नटन" म्हणायचं ठरवलं. थोडं विचित्र वाटतं, वाटू दे.

६ मार्च

मुहूर्त हुकला. ऑफिसातून यायला आठ वाजले. रात्री शॅडो ऑफ अ डाउट परत लावला, काम म्हणून नाही.

त्यातली एक गोष्ट भागात ठेवलीय. शूटिंग कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावात खऱ्या घरी होतं, आणि आपलं घर सिनेमात येणार म्हणून मालकाने हौसेने ते रंगवून चकाचक केलं. हिचकॉकला पाहिजे होतं जुनं घर, मग परत रंग लावून मळकं करावं लागलं. दुसरी गोष्ट तिनेच सांगितलेली: हिचकॉकने ऑफिसात बसवून तिला पूर्ण सिनेमा आवाजांसकट सांगितला होता, आणि पुढे पडद्यावर बघताना तिला वाटलं, हा तर मी आधीच बघितलाय, त्या दिवशी त्याच्या ऑफिसात.

१४ मार्च

धुळवडीची सुट्टी म्हणून रेकॉर्डिंग ठेवलं. हा निर्णय कुणी घेतला हे लिहीत नाही. सकाळी नऊपासून खाली स्पीकर. एक मिनिटही वापरता आलं नाही.

१६ मार्च

पूर्ण मसुदा नव्याने. जन्मापासून सुरुवात सोडली. आता भाग सुरू होतो डिसेंबर १९४८ ला.

झालं असं की एन्चँटमेंट सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी गोल्डविनने तिला न्यूयॉर्कला जायला सांगितलं, ती गेली नाही, आजारी होते असं तिचं म्हणणं. त्याने करार मोडला आणि सहकार्य करत नाही असं जाहीर केलं. तिने गप्प बसून घेतलं नाही, उलट निवेदन काढलं की हे करारच जुनाट आहेत, निर्माते आम्हाला गुरांसारखं विकतात आणि लहान मुलांसारखं दटावतात.

आधीच्या मसुद्यात हे ३३ व्या मिनिटाला दोन ओळीत होतं! मी ते फोटोच्या कलमापासून वेगळं ठेवलं होतं, कलम म्हणजे गंमत आणि काढून टाकणं म्हणजे दुःखद प्रसंग. पण ही एकच गोष्ट आहे. १९४१ ला जी म्हणते टर्कीबरोबर फोटो देणार नाही तीच सात वर्षांनी म्हणते न्यूयॉर्कला जाणार नाही, पहिल्या वेळी ते चाललं कारण गोल्डविनला ती हवी होती. हे एकदा शेजारी ठेवलं आणि बाकी सगळं आपोआप जागेवर बसलं.

पुढचा हिशोबही कोरडाच ठेवला. आधी एका सिनेमाचे १,२५,००० डॉलर मिळायचे. नंतरचा द मेन (१९५०, दिग्दर्शक झिनेमन, मार्लन ब्रँडोचा पहिला सिनेमा) तिने २०,००० ला केला. मी आधी इथे "तत्त्वासाठी मोजलेली किंमत" असं लिहिलं होतं. तिचं स्वतःचं म्हणणं बघा: मी जोन ऑफ आर्क व्हायला निघाले होते आणि सिद्ध काय झालं तर ही नटी कमी पैशात काम करते. यापुढे मी काय तत्त्व सांगणार. काढलं.

इथेच एक मोह झाला. आईने हे ऐकलं आणि म्हणाली, "मग आपल्या शांता आपटेंनी नव्हतं का केलं, प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या." १९३९ ची गोष्ट, पुण्यातली, तीही कराराचीच. मी चार मिनिटं लिहिली, फार छान झाली, आणि वाचताना कळलं की आता हा शांताबाईंचा भाग झालाय आणि टेरेसा राइट पाहुणी. पूर्ण काढलं, वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय. दुसरा भाग ठरला एवढं मात्र झालं.

२३ मार्च

शेवटची दहा मिनिटं. इथे माझ्या जुन्या मसुद्यात "त्यानंतर मात्र ती विस्मृतीत गेली" हे वाक्य होतं, जे प्रत्येक जुन्या नटीबद्दल कुणीही लिहितं. बरोबर आहे का बघायला म्हणून १९४८ नंतरचं काम ओळीने मांडलं आणि लाज वाटली. १९५३ च्या द अ‍ॅक्ट्रेसमध्ये जीन सिमन्सची आई, ती हिच्याहून जेमतेम दहा-अकरा वर्षांनी लहान (वय ३४ आणि आईची भूमिका, हे आपल्याकडच्या नट्यांना सांगायला नको). १९५७ ला टीव्हीवर द मिरॅकल वर्कर, हेलन केलरची शिक्षिका, एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन. त्याच वर्षी ब्रॉडवेवर एलिया कझानच्या दिग्दर्शनात. १९७५ ला जॉर्ज सी. स्कॉटबरोबर डेथ ऑफ अ सेल्समन. १९९७ ला कपोलाच्या द रेनमेकरमध्ये घरमालकीण म्हातारी, तो शेवटचा सिनेमा. काम थांबलेलं नव्हतं, फक्त मोठ्या अक्षरात नाव येणं थांबलं होतं. वाक्य गेलं.

मला स्वतःला मिळालेली भेट म्हणजे १९६० चा टीव्ही कार्यक्रम, मार्गारेट बर्क-व्हाइटच्या आयुष्यावरचा. बर्क-व्हाइट म्हणजे जिने १९४६ मध्ये गांधीजींचा तो फोटो काढला, पुढे चरखा, मागे वाचत बसलेले. आपल्या प्रत्येक शाळेत, सरकारी ऑफिसात कुठेतरी असतो. त्या फोटोग्राफरची भूमिका टेरेसा राइटने केली, पार्किन्सन्सशी चाललेली तिची झुंज, आणि त्यालाही एमीचं नामांकन होतं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "सुरुवात यानेच कर ना, लोकांना लगेच जवळचं वाटेल." नाही केली. मग परत गोष्ट गांधीजींची झाली असती. २४ व्या मिनिटाला आहे, तिथे बरोबर बसतंय.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, श्रीखंड, दुपारी अडीच ते साडेपाच रेकॉर्डिंग. सगळी इमारत जेवून झोपलेली, वर्षातली सगळ्यात शांत वेळ, हे आधी सुचायला पाहिजे होतं. ३,५०० शब्द, ३१ मिनिटं. यँकीजचा (न्यूयॉर्कचा बेसबॉल क्लब) भाग पहिल्याच टेकमध्ये झाला. तिला बेसबॉलचं काही कळत नव्हतं आणि म्हातारपणी ती पक्की फॅन झाली, क्लबच्या कार्यक्रमांना जायची, हे भाऊ इतकं खुशीत वाचतो की ठेवलंय तसंच.

सिनेमातले तुकडे वापरायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, हक्कांच्या भानगडीत पडायची ताकद नाही. दोन भागांमध्ये भाचीने वाजवलेली पेटी, १२ सेकंद. गोल्डविन आणि पेटी, चालतंय.

५ एप्रिल

भाग टाकला. हिशोब: माइक २,८५०, स्टँड ४५०, आधी दुसऱ्याकडून एडिटिंग करून घ्यायला गेलो तो अ‍ॅडव्हान्स १,००० (काम झालं नाही, पैसे आले नाहीत), पुस्तकं आणि सिनेमे भाड्याने १,१४०. एकूण ५,४४०. वेळ साधारण ९० तास, त्यातले निम्मे तरी वर लिहिलेल्या मूर्खपणात. मुखपृष्ठाला तिचा फोटो शोधायला आणखी एक संध्याकाळ गेली. मिळाले ते बहुतेक स्टुडिओचेच, आणि त्यातला कुठला वापरावा ते ठरेना, शेवटी नुसतं नाव टाकलं.

८ एप्रिल

एका ऐकणाऱ्या बाईंचा मेसेज. १७ व्या मिनिटाला मी म्हणते की ड्युएल इन द सन तिने नाकारला. नाकारला नव्हता. ती कादंबरी नवऱ्याची, बुशची, भूमिका तिच्यासाठीच धरली होती, पण ती गरोदर राहिली आणि भूमिका जेनिफर जोन्सकडे गेली. दुसऱ्या वेळी बिशप्स वाइफचं तेच झालं, तिथे लोरेटा यंग आली. "नाही म्हणणारी बाई" हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की जिथे ती नाही म्हणाली नाही तिथेही मी म्हणवलं. स्क्रिप्टच्या आधीच्या मसुद्यात हे बरोबर होतं, १६ मार्चला मीच बदललं.

आज रात्री परत गाद्या उभ्या करून ती ४० सेकंद नव्याने केली. आवाज थोडा वेगळा येतोय, तेव्हा सर्दी नव्हती. फाइल बदलली.